अनसाबाईंचा उघडा भाव

अमरावतीच्या त्या कापूसवर्षांबद्दल लोक आता वाटेल ते सांगतात. बैलांच्या शिंगांना चांदी मढवली होती म्हणे, लग्नांत तुपाने हात धुतले म्हणे. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. पुण्याहून नोकरीसाठी येऊन कापूसगंजाला, म्हणजे कापसाच्या बाजाराला, लागून असलेल्या एका विलायती व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो, आणि तुपाने हात धुणारा एकही इसम माझ्या पाहण्यात आला नाही. अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढत गेला, एवढे मात्र खरे. त्या दिवसांचे म्हणून मला जे आठवते त्यात चांदी कुठेच नाही. एक बाई आहे. नांदगाव पेठेच्या अनसाबाई.

त्यांची माझी ओळख माझ्या छत्रीमुळे झाली. चैत्रातले ऊन, मी गंजातून कचेरीकडे निघालो होतो. समोरून एक उंच, काळीसावळी, चाळिशीची बाई आली, थेट माझ्यापुढे उभी राहिली आणि छत्रीचे कापड चिमटीत धरून म्हणाली, "ही कुठची, भाऊ?"

"पुण्याची."

"पुन्यात केवढ्याले भेटते?"

"दीड रुपयाला."

"इथं कोपऱ्यावरचा दुकानदार अशीच छत्री तीन रुपयाले देऊन राहिला. काहून?"

मी शहाणपणाने सांगितले की पुणे लांब, गाडीभाडे पडते, वाटेत नाके लागतात, व्यापाऱ्याला चार पैसे सुटावे लागतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"छत्री कितीक जड असते? येका गाडीत दोनशे छत्र्या बसतात. दोनशे छत्र्याईचं भाडं येकाच छत्रीवर टाकते का तो? मंग पुन्याचे लोक शायने का आमी येडे, ते सांगा मले."

पुण्याचा माणूस निरुत्तर झाला की समोरच्याच्या बोलीला हसतो. मीही हसलो. त्यांनी माझ्याकडे असे काही पाहिले की ते हसू मला आवरते घ्यावे लागले. आज चाळीस वर्षांनीही त्या हसण्याची मला लाज वाटते.

पुढे कळले की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. कोणी परगावचा माणूस दिसला, मग तो हिंग विकणारा असो, फकीर असो, नाहीतर सरकारी डाकवाला, की "तुमच्या मुलखात हे केवढ्याले?" म्हणून त्याला अडवायच्या. सुई, तांब्या, गूळ, घोड्याची नाल, कशाचाही भाव त्यांना हवा असे. लिहिता-वाचता येत नव्हते, पण दहा गावांचे दहा भाव तोंडपाठ. आणि एक गंमत म्हणजे घासाघीस त्या कधी करत नसत. दुकानदाराने भाव सांगितला की कारण विचारायच्या. कारण पटले तर सगळे पैसे मुकाट्याने टाकायच्या, नाही पटले तर तशाच उठायच्या. "कारन सांग आन् पैसे घे," हे त्यांचे ठरलेले बोलणे. घासाघीस करणारे गिऱ्हाईक दुकानदारांना आवडते, त्यात दोघांचाही मान राहतो. कारण विचारणारे गिऱ्हाईक त्यांना नकोसे होई. अनसाबाई दिसल्या की दोन-तीन दुकाने चक्क फळ्या लावून घेत.

बंजाऱ्यांचा तांडा बैलांवर मीठ लादून आला होता तेव्हाची गोष्ट. बाजारात मिठाच्या भावावरून आरडाओरडा चाललेला, बाया तांड्याच्या नायकाला शिव्या घालत होत्या. अनसाबाई पुढे झाल्या.

"नाईक, समुद्रापाशी हे केवढ्याले?"

"तिकडं काय बाई, मातीमोल," नायक खरे तेच बोलला.

"मंग इथं काहून येवढं?"

त्याने जवळच्या बैलाचा पाय गुडघ्यात धरून उचलला. खूर झिजून फाटले होते, मधल्या भेगेत खडे रुतले होते. अनसाबाई खाली बसल्या, त्यांनी तो खूर नीट पाहिला, आणखी दोन बैलांचे पाहिले, आणि सांगितलेल्या भावाने पायलीभर मीठ घेतले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मीठ तं फुकटच होतं, भाऊ. मी बैलाचे पाय इकत घेतले. तेवढे पैसे बरोबर होते." मला ते बोलणे इतके आवडले की मी आमच्या साहेबांना इंग्रजीत समजावून सांगितले. साहेबांना मौज वाटली. म्हणाले, या बाईला एकदा आण.

आणले. साहेबांच्या ओसरीवर त्या जरा कमी बोलतील असे मला वाटले होते. त्यांनी पिशवीतून सालदार गड्यासाठी घेतलेले विलायती धोतर काढले. त्याच्या काठावर निळा मोर छापलेला होता. "साहेबाले इचारा, हे धोतर त्याच्या गावी केवढ्याले?"

साहेब हसले. म्हणाले, आमच्या गावी धोतर कोणी नेसत नाही, तेव्हा तिथे त्याला भावच नाही.

"नेसत नाईत तं बनवतात कायले?"

"तुमच्यासाठी," साहेब म्हणाले.

"म्हंजे कापूस आमचा, नेसनारे आमी, आन् मधी येवढा समुद्र दोनदा फिरून येते हे. फिरन्याचे पैसे कोन देते? आमीच." त्यांनी धोतराची घडी घातली. मी हे भाषांतर जरा सौम्य करून सांगितले.

साहेबांना वादाचा कैफ चढला होता. त्यांनी बायकोच्या पत्रातली एक गोष्ट सांगितली. विलायतेत हिंदुस्थानातले आंब्याचे गोड लोणचे बाटलीत भरून मिळते आणि मोठमोठ्या घरच्या बायकाही ते बेताबेताने वाढतात, इतके ते महाग. मी भाव रुपयांत करून सांगितला. अनसाबाईंनी तो दोनदा म्हणवून घेतला. त्यांच्या बांधावर आंब्याची सहा झाडे होती आणि वादळात पडलेल्या कैऱ्या दर वर्षी गुरांपुढे जायच्या. त्या उठल्या. फाटकापाशी मला म्हणाल्या, "कैरी तीच. इथं ढोर खाते, तिथं साहेबीन चाखून खाते. वस्तूत काई नसते भाऊ. ज्याले जवळ भेटत नाई आन् मागचा भाव माहीत नाई, त्याच्याजवळून पैसे निंगतात."

त्याच सुमारास त्या लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेल्या. एकुलती एक लेक, तिथेच दिलेली. तिथल्या बाजारात त्यांना तेच निळ्या मोराचे धोतर दिसले, आणि अमरावतीपेक्षा बारा आण्यांनी स्वस्त. आता अकोला मुंबईला तीन मुक्काम जवळ, तेवढा फरक त्यांना मान्य होता. तीन मुक्कामांचे भाडे त्यांनी गाडीवानांकडून काढले. एका धोतरावर ते एक पैसाही बसेना. परत आल्या त्या थेट अमरावतीच्या कापडवाल्याच्या गादीवर जाऊन बसल्या. दुपारभर उठेनात. शेवटी तो बिचारा वैतागून खरे बोलला, "बाई, यंदा तुमच्याकडचे लोक भाव न इचारता उचलून नेऊन राहिले. हातात पैसा खुळखुळून राहिला त्याईच्या. मी कायले कमी घेऊ?"

"हे कारन खरं आहे," अनसाबाई म्हणाल्या, "पन पटत नाई." आणि सालदाराला त्या वर्षी अकोल्याहूनच दुसरे धोतर मागवून दिले.

आतापर्यंत मी हे सगळे गमतीने पाहत होतो. एका हट्टी बाईचा छंद, असे मी माझ्या खोलीतल्या सोबत्यांना सांगायचो आणि आम्ही सगळे हसायचो. या छंदामागे बाईंचे काय पणाला लागले आहे ते मला त्या हिवाळ्यात कळले.

त्यासाठी गंजातली रीत सांगायला हवी. कापसाचा भाव तेव्हा तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा आणि त्या रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. एक बोट धरले की अमुक, पंजा धरला की तमुक. वर दोघांचे चेहरे अगदी कोरे. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नसे की सौदा कितीला झाला. एकाच गंजात, एकाच सकाळी, एकाच प्रतीच्या रुईचे दहा भाव होत आणि दहाही जणांना आपलाच भाव बाजारभाव वाटे.

आता बाईमाणसाने परक्या पुरुषाचा हात रुमालाखाली धरायचा कसा? म्हणून बाईचा कापूस कोणीतरी पुरुष विकायचा. अनसाबाईंचा नवरा पटकीत गेल्याला पाच वर्षे झाली होती. तीस बिघे काळीचे वावर त्या सालदाराला हाताशी धरून स्वतः पिकवत होत्या, पण कापूस गंजात नेऊन विकायचा तो त्यांचा दीर गणपतराव. विकायचा, त्यातून सरकारी सारा भरायचा, उरलेले पैसे वहिनीच्या ओटीत टाकायचा. भाव काय लागला म्हणून विचारले की म्हणायचा, "बाजारभाव, वहिनी." माणूस वाईट होता असे नाही. घरात कोणाशी तो वाकडे बोलत नसे. पण वहिनीला मुलगा नाही आणि तिचे वावर आपल्या बांधाला लागून आहे, हे तो कधी विसरत नसे.

आणि पुढल्या हिवाळ्यात सरकारची मोजणी येणार होती. अमीन येऊन एकेक वावर साखळीने मोजणार आणि खात्यावर नाव चढवणार. नाव कोणाचे? गावात पाटील सांगत होता, जो पिकवतो, विकतो आणि सारा भरतो, त्याचे.

"पिकवते मी," अनसाबाई मला म्हणाल्या, "आन् इकते तो, भरते तो. पाच वर्सं झाली. यंदा बी कापूस त्याच्या हातानं गेला, तं वावर बी त्याच्याच हातात गेलं समजा." मी म्हणालो, दुसरा कोणी विश्वासू पुरुष बघा. त्या उखडल्या. "पुन्हा दुसऱ्याचा हात? मले तोंड नाई का?"

पौषात एका सकाळी अनसाबाई तीन गाड्या घेऊन गंजात आल्या. सरकी काढलेल्या रुईचे अकरा बोजे, पांढरे स्वच्छ, काडीकचरा वेचलेला. गाड्या करीमभाईंच्या होत्या. करीमभाई अमरावतीचेच, गाडीवानांत वडीलधारे, मितभाषी माणूस. रेल्वेचे रूळ तेव्हा खानदेशापर्यंतच आले होते आणि करीमभाईंच्या गाड्या दलालांचा माल तिथवर पोचवायच्या. गणपतरावही आपला कापूस घेऊन आला होता. त्याने आपला सौदा रुमालाखाली उरकला आणि वहिनीच्या गाड्यांकडे वळला. मुख्य दलालाने सवयीने रुमाल झटकला.

अनसाबाई गाडीवर उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमी बाजूले व्हा. रुमाल घडी करून खिशात ठेवा हो दलाल. माह्या मालाचा भाव तोंडानं बोला."

गंजात आधी हशा पिकला. दलाल म्हणाला, "बाई, भाव असा चार लोकाईत बोलत नसतात."

"काहून? चोरीचा आहे का?"

"रीत आहे बाई."

"मले परक्या मानसाचा हात धरता येत नाई, हे बी रीतच आहे. मंग मी काय करू, कापूस पेटवू का घरी? तुमाले तोंड आहे, मले बी आहे. बोला."

दलालांनी आपसात ठरवले असावे. त्या गाड्यांच्या आसपास कोणी फिरकेना. दुपार झाली, गंज उठला. रात्री बाई धर्मशाळेत राहिल्या आणि सकाळी पुन्हा गाडीवर. दुसरा दिवसही तसाच गेला. येणारे-जाणारे टोमणे मारत. गणपतराव दोनदा येऊन गेला, "वहिनी, घरान्याची शोभा होऊन राहिली, चला," म्हणाला. त्यांनी त्याला भाकर खाऊन जा म्हणून सांगितले. भाव तेवढा त्याच्या हातात दिला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाहिले. मी कचेरीच्या पायरीवर उभा होतो. मुंबईचा भाव दर आठवड्याला डाकेने आमच्याकडे येई आणि तो मीच फोडून साहेबांपुढे ठेवत असे, हे त्यांना ठाऊक होते. बाहेर एक अक्षर काढलेस तर घरी जा, ही साहेबांची ताकीद मात्र त्यांना ठाऊक नव्हती.

"कारकून भाऊ!" सगळ्या गंजाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले. "मुंबईत केवढ्याले?"

पत्र माझ्या खिशात होते. आकडा माझ्या जिभेवर होता. सगळा गंज माझ्याकडे पाहत होता, दलालही आणि मागे खिडकीतून साहेबही. मी मान खाली घातली. पायरीवरच्या मुंग्या पाहत उभा राहिलो. आजवर खूप गोष्टी मी स्वतःला माफ केल्या आहेत. ही केलेली नाही.

अनसाबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. "बरं," एवढेच म्हणाल्या.

तेव्हा करीमभाईंनी तोंडातली तंबाखू थुंकली. बैलाच्या पाठीवर हात ठेवून, मोठा आवाज न करता म्हणाले, "त्या बिचाऱ्याले कायले इचारता, बाई. नोकर मानूस आहे. मी सांगतो. मागल्या आठवड्यातच खानदेशातून आलो. रेल्वेच्या ठेसनावर मुंबईवाले घेऊन राहिले बोज्याले अडीचशे. अल्लाची कसम, झूट बोलत नाई."

गंजात खळबळ उडाली. दलाल ओरडला, "करीम, जबान संभाळ. भाडं पायजे की नाई तुले?"

"पायजे," करीमभाई म्हणाले. "म्हनून तं भाडं बी सांगतो. बोज्यामागं अठरा रुपये. बाई, लक्षात ठेवा."

मग दुसऱ्या एका गाडीवानाने, बहुधा तरुण रक्तामुळे, वाटेतल्या नाक्यांचे पैसे ओरडून सांगितले. तिसऱ्याने तरटाचे आणि हमालीचे. कुठूनतरी एका हमालाने दलालीही सांगितली. अनसाबाई गाडीवर उभ्या राहून सगळे ऐकत होत्या आणि एकेक खर्च अडीचशेतून मोठ्याने वजा करत होत्या. सगळी कारणे त्यांना पटली. बैलाचे, नाक्याचे, हमालाचे, दलालाचेही. कोणाचाही पैसा त्यांनी मारला नाही.

"राह्यले दोनशे दहा," त्या म्हणाल्या. "आन् परवा भाऊजीले रुमालाखाली काय भेटले? भाऊजी, सांगा सगळ्याईले."

गणपतरावाचा चेहरा उतरला. तो अगदी हळू म्हणाला, "येकशे साठ."

"मधले पन्नास कायचे? त्याचं कारन सांगा कोनी. सांगा, मी येकशे साठले देते." त्यांनी सगळ्या गंजावर नजर फिरवली. "नाई ना कोनाजवळ? मंग मी सांगते. ते आमाले माहीत नसन्याचे पैसे आहेत. ते मी देनार नाई. आज नाई, उद्या नाई, कापूस इथं सडला तरी नाई."

हे सगळे एका खामगावहून आलेल्या नव्या खरेदीदाराने ऐकले. त्याला माल हवा होता आणि इथले दलाल त्याला वाऱ्याला उभे करत नव्हते. तो गर्दीतून पुढे आला, थोडा घाबरत इकडेतिकडे पाहत म्हणाला, "दोनशे दहा."

"अजून येकदा बोला, बाप्पा. मागच्याईले आयकू नाई गेलं."

"दोनशे दहा!" या वेळी तो खरोखरच ओरडला. त्या गंजात तोंडाने बोललेला पहिला भाव माझ्या माहितीत तरी तोच. हमालांनी बोजे उतरवायला घेतले आणि मागच्या रांगेतले दोन कास्तकार आपल्या दलालांच्या हातांवरून रुमाल ओढू लागले. त्या दिवशी गंजात मारामारी होता होता राहिली.

त्याच आठवड्यात अनसाबाईंनी तहसिलीत जाऊन स्वतःच्या हाताने सारा भरला.

किंमत करीमभाईंनी मोजली. पुढे दोन महिने त्यांना एकाही दलालाने भाडे दिले नाही. अनसाबाईंनी त्यांच्या तिन्ही गाड्या शेणखत वाहायला लावल्या, नेहमीच्या भाड्याने. सहा दिवसांचे काम होते, ते पुरे दोन महिने चालवले. खत कुठून आणतात एवढे, असे गावाला कोडे पडले. त्या बडनेऱ्याहूनसुद्धा खत आणवत होत्या. करीमभाई मला एकदा म्हणाले, "बाई पागल आहे. बडनेऱ्याचं शेन आन् आपलं शेन, काय फरक? मी इचारलं तं म्हनते, तिथं सस्तं आहे." आणि ते खूप वेळ हसत राहिले.

पुढल्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. किती लोक बुडाले ते सांगत बसत नाही. आमच्या साहेबांची कचेरी एका आठवड्यात बंद झाली, साहेब मुंबईला गेले ते गेलेच. दलालांनी रुमाल पुन्हा काढले. पडलेला भाव तोंडाने बोलायची आता सगळ्यांनाच लाज वाटत होती. कास्तकारांनाही वाटत होती. अनसाबाईंना वाटली नाही. हिवाळ्यात त्या आल्या, गाडीवर उभ्या राहिल्या, आणि ज्या आवाजात दोनशे दहा वसूल केले होते त्याच आवाजात "ऐंशी!" म्हणून सौदा पुरा करून गेल्या. कोणीतरी हिणवले, "काय बाई, आता काहून पडला भाव?" त्या म्हणाल्या, "तिकडचे लोक मरायचे थांबले म्हनून पडला. हे कारन मले पटते." आणि त्या पडलेल्या पैशांतूनच सारा भरून मोकळ्या झाल्या.

माझी नोकरी गेली होती. पुण्याला रिकाम्या हाताने जायचे नव्हते, म्हणून मोजणीच्या पथकात लेखनिक म्हणून लागलो. अमीन बोलतील ते खात्यात उतरवायचे, एवढेच काम. अशा रीतीने माघ महिन्यात नांदगाव पेठेच्या शिवारात, बाभळीखाली ठोकलेल्या तंबूत, अनसाबाईंच्या वावराची पाळी आली तेव्हा लेखणी माझ्या हातात होती.

गणपतराव आधीच येऊन बसला होता. त्याने हात जोडून सांगितले, "साहेब, भाऊ वारला तवापासून हे वावर मीच पाहून राहिलो. कापूस मीच इकतो. वहिनी बाईमानूस आहे. आता भाव बी पडला, ती सारा कुठून भरनार? माह्यं नाव लिहा, खटलं मिटवा."

अमीन साहेबांनी अनसाबाईंकडे पाहिले. "बाई, कापूस कोण विकतं तुमचा?"

"मी."

"मागच्या सालचा कोणी विकला? दीर म्हणतात त्यांनी."

"भाऊजीनं त्याचा इकला तो रुमालाखाली. कोनी पायला नाई. माहा कोनी इकला ते मी कायले सांगू? ज्याले इचारायचं त्याले इचारा."

तंबूबाहेर मोजणीची साखळी ओढणारे चार गडी उभे होते. ते हंगामात गंजात हमाली करत. अमिनांनी त्यांतल्या एकाला बोलावून विचारले. "बाईनंच इकला, साहेब. दोनशे दहानं. साऱ्या गंजानं आयकलं." दुसराही तेच म्हणाला, तिसराही. शेजारी बसलेला पटवारी म्हणाला, मीही ऐकले. पाणी भरणारी बाईदेखील तंबूमागून ओरडली, "दोनशे दहा!" मग मीही उभा राहिलो आणि म्हणालो, "मी तिथे होतो साहेब. बाईंनीच विकला." पाचवा-सहावा म्हणून बोलायला काही धैर्य लागत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. अनसाबाईंनी माझ्याकडे पाहून जराशी मान हलवली, तेवढ्यानेही मला बरे वाटले.

गणपतरावाने जोडलेले हात सोडले. आपण एकशे साठला विकल्याचे त्याने तोंडाने सांगितले होते आणि तेही सगळ्यांच्या लक्षात होते. अमीन म्हणाले, "लिहा. खातेदार, अनसाबाई."

मी नाव लिहिले. नावापुढे निशाणी करायची असते. ज्याला सही येत नाही त्याची निशाणी लेखनिकानेच काढायची, अशी रीत होती. कास्तकार असेल तर नांगर, सुतार असेल तर पटाशी, बाई असेल, मग ती कोणीही असो, तर बांगडी. दिवसभरात मी वीस नांगर काढले होते. त्यांच्या नावापुढे लेखणी टेकवून मी बांगडीचा गोल ओढायला सुरुवात केली.

अनसाबाई वाकून पाहत होत्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. परक्या पुरुषाच्या हाताला हात लावताना मी त्यांना पाहिले ते तेवढेच.

"हे काय काढून राहिले, भाऊ?"

"बांगडी. बाईची निशाणी."

"बांगड्या माह्या सहा वर्सं झाली फुटल्या. वावर नांगरतो आमी. नांगर काढा."

मी अमिनांकडे पाहिले. ते म्हणाले, "बाईला नांगर नसतो."

"काहून?" अनसाबाईंनी विचारले.

अमीन साहेब थोर माणूस होते, फारसी-इंग्रजी दोन्ही येत होते. त्यांनी पटवाऱ्याकडे पाहिले, पटवाऱ्याने माझ्याकडे. बाहेरचे गडी कनात वर करून आत पाहू लागले. कोणाजवळच कारण नव्हते.

मी गोल खोडला. त्याच्या शेजारी नांगर काढला, इसाडाचा लांब दांडा, रुमण्याची मूठ, सगळे नीट. अनसाबाई तंबूच्या दारापर्यंत जाऊन उजेडात कागद पाहून आल्या आणि तो माझ्यापुढे परत ठेवला.

"फाळ लहान झाला," त्या म्हणाल्या. "असा जमिनीत जात नसते. मोठा काढा."